रांगेतली पहिली

आमच्या गावाच्या नव्या लायब्ररीत शिरलं की डाव्या हाताला एक मोर दिसतो. रंगीत फरश्यांचे तुकडे बसवून केलेला, छतापर्यंत पोचणारा मोर. भोवती पणत्या, खाली कमळं. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा डीपीसुद्धा तोच आहे. तो मोर पाहिला की माझं डोकं सणकतं. रांगोळी निदान दुसऱ्या दिवशी झाडून टाकता येते, हा कायमचा बसलाय. बिचाऱ्या मोराचा काही दोष नाही, हे मलाही कळतं. पण त्या भिंतीवर काय यायला हवं होतं ते मला माहीत आहे, आणि ज्यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं त्या बाई आता नाहीत.

गावाचं नाव सांगत नाही. डॅलसजवळच्या प्लेनोच्या पुढे हायवेनं थोडं उत्तरेला गेलं की अशी गावं एकामागून एक लागतात. मोठाली घरं, गुळगुळीत लॉन, आणि दर तिसऱ्या दाराला तोरण. त्यातलंच एक समजा. आम्ही आलो तेव्हा नव्या भागातलं घर परवडेना, म्हणून जुन्या भागाच्या कडेला, रेल्वेच्या रुळांजवळ घर घेतलं. ती पूर्वापार ब्लॅक लोकांची वस्ती. मंडळातल्या एका शहाण्यानं तेव्हा मला बाजूला घेऊन, "एरिया जरा बघून घ्यायचा ना," असं सांगितलंही होतं. मिस अर्नेस्टीन त्याच एरियातल्या.

ओळख पहिल्याच आठवड्यात झाली. शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात एक बुटक्या, सत्तरी ओलांडलेल्या बाई. जांभळा कोट, कानात मोती, एका हातात केकचा डबा आणि दुसऱ्या हातात क्लिपबोर्ड. त्यांनी आपलं नाव सांगितलं, माझं विचारलं, "मेधा" असं दोनदा म्हणून पाहिलं, नीट जमलं तेव्हाच केक माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या की मतदार म्हणून तुझं नाव नोंदवायला आलेय. मी म्हटलं, अहो, आम्ही व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डचाच पत्ता नाही, मतदान कुठलं घेऊन बसलात! त्यावर त्यांनी, "मग कधी?" असं विचारलं. सगळा उशीर माझ्यामुळेच होत असावा, असा तो स्वर होता.

पुढे दर वर्षी त्या केक घेऊन यायच्या आणि तेच विचारायच्या. माझा नवरा सुहास म्हणायचा की आपल्या फाइलची काळजी वकिलापेक्षा या बाईंनाच जास्त आहे. शेवटी एकदाचं नागरिकत्व मिळालं. शपथविधी आटोपून बाहेर आले तर दारातच टेबल मांडून बाई बसलेल्या. सोबत त्यांच्यासारख्याच जांभळ्या कोटातल्या दोघी. मला वाटलं, आता मिठी मारतील, डोळे पुसतील. कसलं काय! पेन पुढे केलं आणि म्हणाल्या, "सही कर. मी विचारत नाहीये, कळवतेय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या इंग्रजीतच बोलायच्या, दक्षिणेकडच्या संथ लयीत. मी मराठीत सांगतेय त्यात त्यांची जरब थोडी उतरते, त्याला इलाज नाही. फुटपाथवर कचरा टाकणाऱ्या पोराला, लाइनीत घुसणाऱ्या माणसाला, चर्चच्या पाद्र्याला, सगळ्यांना एकच: विचारत नाहीये, कळवतेय. सगळा जन्म डॅलसमधल्या एका शाळेच्या लायब्ररीत गेलेला, त्यामुळे आवाज कधी चढायचा नाही. चढवावा लागायचाच नाही. खुर्चीत बसल्या की पाठ खुर्चीला टेकलेली मी एकदाही पाहिली नाही. कुठेही जायचं असलं की आधीच जाऊन पोचायच्या आणि वेळ होईपर्यंत गाडीतच बसून राहायच्या. माझ्या घरीसुद्धा. मी खिडकीतून हात करून आत बोलवायचे, तर घड्याळाकडे बोट दाखवायच्या. मला अस्सा राग यायचा. पोहे गार व्हायचे.

त्या जांभळ्या कोटाचं प्रकरण मला पुष्कळ उशिरा कळलं. मला वाटायचं, आवडीचा रंग असेल. तो त्यांच्या सोरोरिटीचा रंग होता. सोरोरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींची संघटना. मी ती फक्त सिनेमात पाहिलेली. पार्ट्या, दंगा, स्विमिंग पूल. तसं मी बोलून गेले.  बाई म्हणाल्या की तो सिनेमा दुसऱ्यांचा. ब्लॅक मुलींना जिथे तिथे दारं बंद होती, तेव्हा त्यांच्यासाठी निघालेल्या कॉलेजांमधल्या पोरींनी आपापल्या संघटना उभ्या केल्या, त्याला आता शंभरेक वर्षं झाली. तिथे घेतलेली शपथ पदवीबरोबर संपत नाही. पोरी शिकून गावोगाव मास्तरणी झाल्या, नर्स झाल्या, आणि गेल्या त्या गावात त्यांनी शाखा काढल्या. कुठे दवाखाना, कुठे साक्षरतेचे वर्ग, कुठे मतदारनोंदणी. आपल्याकडे कॉलेज सुटलं की मैत्रिणींचा एक ग्रुप उरतो आणि त्यावर गुड मॉर्निंगची फुलं येतात. इथे ऐंशीला टेकलेल्या बायका महिन्याच्या सभेला नियमावली घेऊन बसतात आणि ठरावाला अनुमोदन मिळाल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही.

या रंगांवरून मी एकदा चांगलीच तोंडावर आपटले. आईनं नागपूरहून पाठवलेली एक शाल मी त्यांना वाढदिवसाला नेऊन दिली. पोपटी, केशरी काठाची, सुरेख. बाईंनी उघडली, हात फिरवला, जपून घडी घातली आणि पिशवीत परत ठेवली. म्हणाल्या, "फार सुंदर आहे. माझ्या घरात ही राहू शकत नाही." पोपटी आणि केशरी हे दुसऱ्या सोरोरिटीचे रंग निघाले! आणि त्या दुसऱ्या सोरोरिटीत कोण, तर त्यांची सख्खी धाकटी बहीण. एका आईच्या लेकी, रविवारी चर्चमध्ये एका बाकावर बसायच्या, पण या विषयावरचं त्यांचं भांडण कॉलेजपासून चालू होतं. शाल बहिणीला गेली. बहीण ती मुद्दाम दर रविवारी घालून यायची आणि मिस अर्नेस्टीन तिच्याकडे न बघता भजन म्हणायच्या.

आता गॅरेजचं सांगते, कारण सगळा जीव त्या गॅरेजमध्ये होता.

त्या लहान असताना गावात लायब्ररी होती, मेन स्ट्रीटवर, पायऱ्यांची, खांबांची. ब्लॅक मुलांना तिथे प्रवेश नव्हता. तेव्हा गावातल्या चार शिक्षिका, चौघीही याच सोरोरिटीच्या, त्यांनी आपल्यातल्या एकीच्या गॅरेजमध्ये लायब्ररी काढली. मिस हेझेल, मिस कोरा, मिस बर्था, मिस ओपल. गॅरेज मिस हेझेलचं. पुस्तकं गोऱ्यांच्या शाळेनं टाकून दिलेली, कुणाला पुढची पानं नाहीत, कुणाला मागची. गोष्टीचा शेवट फाटलेला असला की मिस ओपल तो स्वतः रचून सांगायच्या. मिस अर्नेस्टीन पुढे कॉलेजात गेल्यावर त्यातली एक गोष्ट त्यांना पूर्ण वाचायला मिळाली, तर खरा शेवट अगदीच मिळमिळीत निघाला. "ओपलचा चांगला होता," असं त्या मला ठणकावून सांगायच्या.

हे सगळं गुपचूप. चौघींच्या नोकऱ्या काउंटीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हातात. बायका एकत्र जमून काहीतरी करतायत एवढी कुणकुण लागली तरी घरी बसवलं असतं, आणि घरी बसवण्यावर भागलं तरी नशीब. म्हणून अनोळखी गाडी गल्लीत शिरली की मिस कोरा आपली गाडी थेट गॅरेजमध्ये घालायच्या, सतरंजीवर, पुस्तकांच्या खोक्यांना खेटून. पोरं मागच्या दारानं अंगणात. तिथे फेर धरून गाणी सुरू. बाहेरून बघणाऱ्याला दिसणार काय, तर गॅरेजमध्ये गाडी आणि अंगणात पोरं. कुणी फोटो काढला नाही, कुठे नाव लिहिलं नाही, पुस्तकावर शिक्का मारला नाही. मागे काही राहू नये याची त्यांनी इतकी काळजी घेतली की खरंच काही राहिलं नाही. मिस अर्नेस्टीन वाचायला शिकल्या त्या तिथे, त्या सतरंजीवर.

मग गावात नवी लायब्ररी बांधायचं निघालं. आमच्यासारख्यांची गर्दी वाढलेली, जुनी पुरेना. प्रवेशाजवळची एक मोठी भिंत गावाच्या इतिहासासाठी आणि समाजांसाठी राखायची ठरली, त्याची कमिटी नेमली. मंडळातर्फे मला पाठवलं. कारण काय, तर मी जवळ राहते आणि माझं ऑफिस आठवड्यातून तीन दिवस घरूनच असतं. म्हणजे मी रिकामी. मिस अर्नेस्टीननी अर्ज केला होता: भिंतीवर त्या गॅरेजची हकीकत आणि चार नावं असावीत. बास. मोठं काही मागणं नव्हतं. मला वाटलं, यावर कोण नाही म्हणेल?

कुणीच नाही म्हणालं नाही, हाच तर ताप. कमिटीच्या प्रमुख क्रिस्टन, फार गोड बाई. दर वाक्याला छातीवर हात ठेवायच्या. तुमचं म्हणणं माझ्यापर्यंत पोचतंय, म्हणायच्या. गोष्ट फार हृदयस्पर्शी आहे, फक्त काही कागदोपत्री आधार लागेल. फोटो? वर्तमानपत्रातलं कात्रण? एखादं कार्ड, एखादा शिक्का? मिस अर्नेस्टीननी शांतपणे सांगितलं की आधार ठेवला असता तर लायब्ररीच राहिली नसती. क्रिस्टननी छातीवर हात ठेवला आणि पुढच्या बैठकीपर्यंत विषय पुढे ढकलला. असं किती वेळा झालं ते मी मोजायचं सोडून दिलं. दर बैठकीला बाई आधी येऊन पार्किंगमध्ये बसलेल्या, दर बैठकीला पुन्हा पहिल्यापासून तेच सांगायच्या, आणि मी टेबलाखाली मुठी आवळून बसायचे.

आणि एक दिवस क्रिस्टननी माझ्याकडे वळून हसत जाहीर केलं की गावातला सगळ्यात वेगानं वाढणारा समाज भारतीय आहे, तेव्हा भिंतीवर फरश्यांची रांगोळी केली तर, मोराची? आमच्याकडे दिवाळीचे फोटोच फोटो. आधार पाहिजे तेवढा! मी म्हटलं, अर्धी भिंत घ्या आमची आणि अर्धीवर ती चार नावं लिहा. तर डिझाइनर म्हणाला की भिंत एकसंध वाटली पाहिजे. एकसंध! मी तिथे जे बोलले ते बैठकीच्या वृत्तांतात आलं नाही, पण सुहासच्या कानावर आलं.

मंडळात तर माझ्यावरच उलटले. अध्यक्ष श्रीरंग पुण्याचा, एरवी भला माणूस. त्यानं फोन केला. "यार मेधा, वीस वर्षांत पहिल्यांदा आपल्याला कोणी भिंत देतंय, आणि तू ती वाटायला निघालीस? माझा मुलगा डबा कॅफेटेरियात उघडायला लाजायचा. त्याला ती भिंत बघू दे ना." त्याचंही खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त चिडले. मी म्हटलं, अरे, तुझा मुलगा शनिवारी जिच्यापुढे बसून वाचायला शिकला, तिची भिंत आहे ती. कारण ते तसंच होतं. जुन्या लायब्ररीत दर शनिवारी सकाळी मिस अर्नेस्टीन लहान मुलांना वाचून दाखवायच्या, सोरोरिटीतर्फे, कित्येक वर्षं. अर्ध्याहून जास्त पोरं आमची. आईबाप पोरांना सोडून किराणा आणायला अर्विंगला पळायचे आणि यायला उशीर करायचे. बाईंचं नावही कित्येकांना ठाऊक नव्हतं. श्रीरंग म्हणाला की तो मुद्दा वेगळा आहे.

शेवटचा उपाय म्हणजे सिटी कौन्सिलची जाहीर सभा. तिथे कुणीही बोलू शकतं, पण माणशी तीन मिनिटं. वेळ संपली की बझर, आणि माइक बंद. तीन मिनिटांत त्या गॅरेजची गोष्ट मावत नाही, मला माहीत होतं, मी ती ऐकली होती. मिस अर्नेस्टीन म्हणाल्या, "त्याची सोय आहे."

सभेला त्या पांढऱ्याशुभ्र ड्रेसमध्ये आल्या. सोबत आणखी दोघी, पांढऱ्यातच. एक मिस पॉलीन, ह्यूस्टनहून आलेल्या, आणि दुसऱ्या मिस ग्लोरिया, ताडमाड उंच, हातात काठी. या तिघींनी कॉलेजात एकाच वर्षी सोरोरिटीत प्रवेश घेतला होता. त्या काळी प्रवेश घेणाऱ्या मुलींची एक रांग करत, उंचीप्रमाणे, बुटकी पुढे. मिस अर्नेस्टीन रांगेत पहिल्या. दुसरी व्हिव्हियन म्हणून होती, ती वारली होती. त्या रांगेला जे शिकवत ते सगळ्यांना तोंडपाठ यावं लागे, आणि एक जरी चुकली तरी सगळ्यांनी परत पहिल्यापासून म्हणायचं. एकीचं गाव ते सगळ्यांचं गाव, एकीच्या गुरू त्या सगळ्यांच्या गुरू. त्यामुळे जन्मात या गावात न राहिलेल्या त्या दोघींना आमच्या गावातलं गॅरेज शब्दन् शब्द पाठ होतं.

मिस अर्नेस्टीननी सुरुवात केली. मेन स्ट्रीटच्या पायऱ्या, गॅरेज, सतरंजी. "आणि अनोळखी गाडी दिसली की मिस कोरा," इथे बझर वाजला. त्या तिथेच थांबल्या. नियम म्हणजे नियम. बाजूला सरकून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या शेजारी एका माणसाची जागा सोडून मिस पॉलीन येऊन उभ्या राहिल्या. मेयर हसून म्हणाले, पुढे या बाई, माइकपाशी जागा आहे. मिस पॉलीन म्हणाल्या, "ही जागा रिकामी नाही, साहेब." मग माइक हातात घेतला आणि पुढचा शब्द उचलला: "आपली गाडी थेट आत घालायच्या." एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्यांचा बझर वाजला तेव्हा मिस ग्लोरियांनी मिस ओपलच्या रचलेल्या शेवटांपासून पुढे नेलं, आणि शेवटी तिघींनी मिळून चार नावं घेतली.  मागे मंडळाचे चार लोक बसले होते, त्यातला श्रीरंग खाली बघत होता. माझे डोळे भरून आले आणि मला वाटलं, झालं, जिंकलो.

कसलं जिंकलो! कौन्सिलनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग एक सदस्य म्हणाले की ही आजच्या संध्याकाळची सगळ्यात सुंदर गोष्ट होती. मग भिंतीचं कंत्राट आधीच दिलेलं असल्यानं पुढच्या टप्प्यात विचार करू असं ठरलं. मग ते कचऱ्याच्या गाड्यांच्या विषयाकडे वळले.

आठवड्याभरात क्रिस्टनचा फोन आला, मला, कारण मिस अर्नेस्टीनशी बोलायचं धाडस त्यांना होत नसावं. कमिटीला फार वाईट वाटत होतं. त्यांनी एक मार्ग काढला होता. मुलांच्या विभागाला मिस अर्नेस्टीनचं नाव द्यायचं. पितळी पाटी, हसरा फोटो, इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल. त्या सेवेला कागदोपत्री आधार भरपूर होता. मी उड्या मारतच बाईंच्या घरी गेले. त्या भेंडी चिरत होत्या. ऐकून घेतलं, सुरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "नको म्हणून सांग त्यांना."

मी भडकले. इतक्या महिन्यांचं सगळं तिथे बाहेर आलं. म्हटलं, अहो, मिळतंय ते घ्या ना! पाटीवर तुमचं नाव आलं की निदान कुणीतरी विचारेल, या कोण, मग गॅरेजचं सांगता येईल. नाहीतर काहीच उरणार नाही, आमचा मोर तेवढा उरेल. तुमच्या या हट्टापायी त्या चौघींचं नाव कायमचं जाईल, कळतंय का तुम्हाला? वडीलधाऱ्या बाईशी मी असं बोलत नाही. त्या दिवशी बोलले, आणि आजही मला वाटतं माझं चूक नव्हतं.

त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "माझं नाव लागलं की गोष्ट अशी होईल: एक चांगली म्हातारी होती, तिला मुलं आवडायची. लोक ती वाचतील, बरं वाटेल त्यांना, आणि संपलं. ती पायऱ्यांची लायब्ररी त्यात कुठे आहे? दार कुणी बंद केलं होतं ते कुठे आहे?" आणि सुरी परत उचलत, "मी रांगेत पहिली होते, मेधा. एकटी नव्हते." मग भेंडी चिरायला घेतली.

मी रागातच घरी आले. सुहास म्हणाला, जाऊ दे. या दोन शब्दांचा मला जेवढा राग आहे तेवढा क्रिस्टनचाही नाही.

त्यांनी पुढच्या टप्प्यासाठी परत अर्ज केला. तो अर्ज अजून विचाराधीन आहे, म्हणजे कुठेतरी पडलाय. लायब्ररी त्या वर्षी सप्टेंबरात उघडली, आणि थंडीत मिस अर्नेस्टीन गेल्या. चर्चमध्ये सोरोरिटीच्या बायकांनी आपला विधी केला, सगळ्या पांढऱ्यात. मिस पॉलीन आणि मिस ग्लोरिया पुढे उभ्या राहिल्या, डावीकडे दोन माणसांची जागा सोडून. बहीण पहिल्या बाकावर होती. तिनं त्या दिवशी माझी शाल घातली नव्हती, साधा काळा कोट घातला होता. तो बघून मला सगळ्यात जास्त रडू आलं.

पण त्यांची आठवण आली की चर्च आठवत नाही. नवी लायब्ररी उघडल्यानंतरचा एक शनिवार आठवतो. मी एक पुस्तक परत द्यायला गेले होते. मुलांचा विभाग अजून लागायचा होता, खोकी पडलेली, म्हणून वाचनाचा तास प्रवेशाजवळच्या मोकळ्या जागेत भरवला होता. म्हणजे नेमका त्या भिंतीपुढे. मोराच्या खाली एक छोटी खुर्ची, तीत बाई, पाठ ताठ. समोर जमिनीवर पोरं, अर्धी आमचीच. बाईंचा नि माझा अबोला नव्हता, पण भेंडीच्या दिवसापासून बोलणं कमीच झालं होतं. मी पुस्तकांच्या एका शेल्फाआड थांबले.

पुस्तक मांडीवर होतं, पण मिटलेलं. मला वाटलं, सुरू करायच्या आहेत. तर त्यांनी बोट वर केलं आणि पोरांनी एका सुरात म्हटलं, "मिस हेझेल, मिस कोरा, मिस बर्था, मिस ओपल." आपल्याकडे पाढे म्हणतात तसं. त्यांना ते नवीन नव्हतं. किती शनिवार चाललं होतं कुणास ठाऊक, एकाही आईबापाला पत्ता नव्हता, कारण एकही आईबाप तिथे थांबत नव्हता. कमिटीला नाही, मला नाही. भिंत, पाटी, टप्पा, कुणाचीही परवानगी नाही. नुसतं कळवणं चाललं होतं.

पुढे बसलेल्या एका चिमुरडीला, आमच्याच मंडळातल्या कुणाची तरी, जोर चढला. चौथं नाव झाल्यावर तिनं खड्या आवाजात आणखी एक जोडलं, "मिस अर्नेस्टीन!" आणि कौतुकाच्या आशेनं वर बघितलं. बाकीची पोरं हसली. मीही हसले असते.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, रागानं नव्हे, नुसतं पाहिलं.

"मी नाही," त्या म्हणाल्या. "एक चुकली. सगळ्यांनी, परत पहिल्यापासून."

आणि पोरांनी परत सुरू केलं.